लगेच मिळणारी गाडी

“ह्या वेळी तरी घेऊन जा हो सर,” शोरूममधली मुलगी म्हणाली. “मागच्या वेळी तुम्ही सोडलेली गाडी परवा सर्व्हिसिंगला आली होती. ज्यांनी घेतली ना, काय फिरलीत ती दोघं! समुद्र म्हणू नका, डोंगर म्हणू नका.” हे तिने अगदी सहज सांगितलं, नवऱ्यापुढे चहाचा कप ठेवता ठेवता. माझ्या कपाशेजारी साखरेची पुडी होती, त्याच्या कपाशेजारी नव्हती. हा बिनसाखरेचा पितो हे तिला विचारावं लागलं नव्हतं. मी विचारलं, “कुठली गाडी?” तेव्हा ती गडबडली. “मोठ्या इंजिनची, ऑटोमॅटिक. सरांच्याच नावाने आली होती ना. दोनदा. म्हणजे... मॅडमना माहीत असेल असं मला वाटलं.” नवऱ्याने चमचा उचलला आणि तो बिनसाखरेचा चहा ढवळत बसला.

दोनदा. कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं, निदान गाल कुठला ते तरी कळलं असतं. दर महिन्याला ह्याने मला सांगितलं होतं की इंजिन आलं नाही. जेवताना, समोरच्या खुर्चीतून, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात: मोठं इंजिन अजून आलं नाही, कारखान्यातच माल नाही, लोक रांगेत आहेत, आपला नंबर बहुधा पुढच्या वर्षी. आणि मी मान हलवायची. वर आमच्या मुलीला फोनवर त्याची बाजू समजावून सांगायची की बाबा खूप प्रयत्न करतायत. मुलगी म्हणायची, “आई, तू घाई करू नकोस, बाबा सगळं नीट बघून घेतात.” नीट बघून घेतात! ह्या घरात नीट बघण्याचा मक्ता बाबांचा, आणि डोळे जायचे ते आईचे. दर शनिवारी तो जुन्या सहकाऱ्यांकडे पत्ते खेळायला जातो म्हणून जायचा आणि संध्याकाळी परत आला की मी विचारायचे, जिंकलात का. “छे, आज पानंच वाईट होती,” असं सांगायचा. म्हणजे हा इथे बसून बिनसाखरेचा चहा पीत होता, आणि आज मी हट्टाने बरोबर आले म्हणून ते कळलं. बाहेर एखादी बाई असती तर शेजारीपाजारी सांगून रडता तरी आलं असतं. नवरा चोरून इंजिन बघायला जातो, हे सांगायचं कुणाला?

डोळ्यांच्या डॉक्टरने आम्हाला शेजारी शेजारी बसवून सांगितलं होतं. डोळ्यामागचा पडदा मधोमध झिजतोय. डावा गेल्यातच जमा आहे, उजव्याने सुरुवात केलीय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. नवऱ्याने विचारलं, “ह्यात पर्याय काय काय आहेत?” पर्याय! डॉक्टर भला माणूस, तो हसला नाही. म्हणाला, आता जे गेलं ते परत आणायला पर्याय नाही, जे बघायचंय ते बघून घ्या. घाई करा असं मी म्हणत नाही, पण थांबूही नका. हे वाक्य नवऱ्याने माझ्याइतकंच ऐकलं, माझी पर्स मांडीवर घेऊन ऐकलं. परत येताना तोच आपणहून म्हणाला की निवृत्तीनंतर बघू म्हणत होतो ती मोटरहोम आता घेऊनच टाकू. निवृत्त तर झालोच आहोत दोघं. मोटरहोमला आम्ही घरगाडी म्हणायचो, पुढे गाडी आणि मागे घर. डॉक्टरसमोर मी रडले नव्हते, ती त्या वाक्यावर रडले. आणि त्यानंतर ती गाडी दोनदा आली आणि ह्याने दोनदा सोडली. आधी नव्हे. त्यानंतर.

“चहा घे, निवतोय,” तो म्हणाला. इतक्या वेळात सुचलं ते हे. “तुम्ही घ्या,” मी म्हणाले, “तुमच्या सवयीचा आहे.” तोंडाने अहो आणि मनात अरे, असाच मी सगळा संसार केला. आज मनातलं अरे फार मोठ्याने ओरडत होतं. शोरूमची मुलगी मध्ये पडली, बिचारीला सुटका हवी होती. म्हणाली, चला ना मॅडम, तुम्हाला आत्ताची दाखवते. कुणीतरी मागवून मग रद्द केलेली एक पांढरी गाडी दारातच उभी होती. लहान इंजिन, हाताचे गिअर. पण लगेच मिळणारी. कागद झाले की चावी. नवरा कप खाली ठेवून आमच्या मागून आला आणि इंजिनावर बोलायला लागला, आणि मला दिसलं की हा माणूस पट्टीचा पोहणारा आहे, फक्त ह्याच पाण्यात. हिचं इंजिन एकशेचाळीस अश्वशक्तीचं, मोठ्याचं एकशेऐंशीचं. त्याला ऑटोमॅटिक गिअर, हिला पाय आपटत बसा. त्याला आत चेन आहे, हिला बेल्ट, बेल्ट वेळच्या वेळी बदलावा लागतो, विसरलात तर इंजिनाचं वाटोळं. पाण्याची टाकी भरा, गॅस भरा, अंथरुणं-पांघरुणं, दोन माणसं, की चढावर हिचा जीव मेटाकुटीला येणार. “सर, गाडी आखूड आहे, वजनाला हलकी, तुम्हा दोघांना भरपूर होते,” मुलगी म्हणाली. “आणि मोठ्याचं मात्र आता पुढच्या वर्षाच्या शेवटापर्यंत काही सांगता येत नाही.” मग त्याने दुसऱ्या एका कंपनीची चौकशी केली, मागच्या चाकांना जोर असलेली, तिचं इंजिन म्हणे म्हातारपणी दगा देत नाही. मुलगी म्हणाली, “ती लांबीला जास्त आहे सर. तुमच्या गल्लीत वळायची नाही असं तुम्हीच म्हणाला होतात, त्या लाकडाच्या वखारीपाशी.” आमच्या गल्लीतल्या वखारीपर्यंत हिला सगळं ठाऊक होतं. मीच काय ती परकी होते.

नवरा पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी अधिकारी होता. तीन कोटेशनं टेबलावर आल्याशिवाय त्याने तिथे खिळासुद्धा घेतला नाही. कारखान्यात त्याचं नावच ‘तीन कोटेशन’ पडलं होतं, आणि त्याला ते शालजोडीतलं आहे हे निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. तो नियम हा रोज डब्याबरोबर घरी घेऊन यायचा. पाळण्यांची तुलना चालली होती तोवर आमची मुलगी चालायला लागली. वॉशिंग मशीनच्या ड्रमचा अभ्यास होता तेव्हा मी न्हाणीघरात चादरी पिळत होते आणि हा दारात उभा राहून मला सांगत होता की पुढून उघडणारं पाणी कमी पितं. मला त्याने पहिल्याच भेटीत हो म्हटलं, ह्याचं मला अजून नवल वाटतं. बाकीची दोन कोटेशनं वेळेत आली नसावीत. हे मी चारचौघांत सांगायचे, सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि हसता हसता माझ्याकडे असा बघायचा की मी आणखी एखादा किस्सा सांगायचे. म्हणजे माझा राग काही नवा नव्हता. पण तो घरातला राग होता, भांडी जरा जोरात ठेवून संपणारा. आजचा तसा नव्हता. आजच्याला ठेवायला माझ्याकडे भांडंच नव्हतं.

आणि मला काय मोठं बघायचं होतं? मी दातांच्या लॅबमध्ये कॅपा बनवायचे. चिनी मातीसारखी पूड कालवायची, बारीक ब्रशने थर चढवायचा, भट्टीत घालायचा, काढायचा, पुन्हा थर. रंगांची पट्टी पेशंटच्या ओठापाशी धरून खिडकीतल्या उजेडात जुळवायची. पांढरा दात असा नसतोच कुणाचा. हिरडीपाशी पिवळट, मध्ये दुधी, आणि टोकाला जवळजवळ निळा. ते निळं मला दिसायचं, म्हणून माझ्या हातची कॅप तोंडात ओळखू यायची नाही. एक दिवस एका वकीलबाईची पुढची कॅप परत आली, शेजारच्या दातापेक्षा करडी. मी ती पट्टीला लावून बघितली, खिडकीत नेऊन बघितली, मला दोन्ही एकच. लॅबवाल्याने मला आधी डबे भरायला बसवलं, आणि मग हात जोडून म्हणाला, ताई, आता आराम करा. आराम! सगळं आयुष्य मी वीतभर अंतरावर बघण्यात घालवलं, लोकांच्या जबड्यात. मला लांबचं बघायचं होतं. कुठलं, हेसुद्धा मी ठरवलं नव्हतं. सकाळी दार उघडावं आणि समोर काहीतरी लांबवर पसरलेलं असावं, एवढंच. तेवढ्यासाठी चेन हवी की बेल्ट हवा, ह्याने मला काय फरक पडणार होता!

“मॅडम, वर या ना,” मुलीने हात दिला. आत सगळं होतं. मागे आडवा पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, कपाटाएवढी मोरी, खिडक्यांना पडदे, आणि प्रत्येक गोष्टीला खटका, प्रवासात दारं उघडू नयेत म्हणून. मी एक एक खटका लावून उघडून पाहिला. हात माझे अजून शहाणे आहेत. पलंगावर प्लास्टिक होतं, आणि मी त्यावर हात टेकला तेव्हा मनात आलं की त्या दुसऱ्या गाडीच्या पलंगावरचं प्लास्टिक काढून ती दोघं कधीच झोपली, आणि उठली, आणि त्यांनी दार उघडलं. ती कोण होती, कुठली, काही माहीत नव्हतं, तरी मला त्यांचा असा राग आला की पायातली चप्पल काढून मारावी. मुलगी मात्र खुशीत होती, तिचा पाठ केलेला भाग आता आला होता. पुढच्या दोन सीटांपाशी जाऊन तिने खालची दांडी ओढली आणि ड्रायव्हरची सीट गर्रकन आत फिरवली, मग शेजारची. “ही ह्या गाडीची खासियत! गाडी थांबली की सीटा आत फिरवायच्या, मध्ये हे टेबल ओढायचं, आणि दोघांनी मस्त समोरासमोर बसायचं. बसा ना सर, मॅडम बसा.”

बसलो. मध्ये टेबल, पलीकडे नवरा. म्हणजे नवरा असणार, कारण शर्ट त्याचा होता. समोर सरळ बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी मला एक राखाडी बोळा दिसतो, फळा पुसलेल्या फडक्यासारखा. बोळ्याच्या बाहेर दोन कान, खाली कॉलर. डॉक्टरकडच्या तपासनीस बाईने मला एक युक्ती शिकवली होती. ज्याला बघायचंय त्याच्याकडे बघायचंच नाही, त्याच्या जरा बाजूला बघायचं, मग ते कडेतून आत येतं. त्या दिवशी नवरा गाडीला जागा शोधत खाली फिरत होता, तीन ठिकाणं बघितल्याशिवाय तो गाडी लावत नाही. ही युक्ती मी त्याला कधी सांगितली नाही. काय सांगायचं? मी आता माणसांकडे तिरकं बघणार, कोंबडीसारखं, हे? घरात वावरतच होते ना मी, चहा सांडत नव्हते, चाचपून दोरा ओवत होते. सांगितलं असतं तर ह्याने भिंगांची तुलना सुरू केली असती. म्हणून जेवताना मी बाजूच्या भिंतीकडे बघायचे, बोलताना खिडकीकडे, आणि तो थोडाफार दिसायचा. मग तो विचारायचा, “रागावलीस का?” मी म्हणायचे, “नाही.” आत्ताही मी सवयीने मान खिडकीकडे वळवली. टेबलापलीकडून सीट करकरली, तो उठला होता. “इंजिनच लहान आहे,” तो मुलीला म्हणाला, “बाकी ठीक आहे. आपण थांबू. मोठं आलं की कळवा.”

“चालवून बघू,” मी म्हणाले.

“आज? आज नको गं. आज नुसती माहिती घेऊ, घरी जाऊन शांतपणे...”

“आज. आत्ता. चढावर हिचा जीव निघतो ना? निघू दे. मला बघायचाय.” माझा आवाज शोरूमच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असावा, कारण तिकडे कुणाचं तरी बोलणं थांबलं. मुलगी चावी आणायला पळाली. नियमाप्रमाणे तिला बरोबर यावं लागलं. ती मागच्या बाकावर पट्टा लावून बसली, मांडीवर हात ठेवून, ओट्याकडे तोंड करून. पुढच्या सीटा तिने परत सरळ फिरवून दिल्या. नवऱ्याने आरसे लावले, पुन्हा लावले. शोरूमच्या मागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आहे, अरुंद, एका बाजूला भिंत. “तिकडून घ्या,” मी म्हणाले. त्याने घेतली. पहिल्या वळणापर्यंत गाडी नीट गेली, दुसऱ्या वळणावर इंजिन कण्हायला लागलं. “बघ,” तो म्हणाला, आणि त्या ‘बघ’मध्ये मला असा आनंद ऐकू आला की माझं डोकं सणकलं. तेवढ्यात गाडी हिसका देऊन बंद पडली. मागे कुणीतरी हॉर्न दाबून धरला. मग दुसऱ्याने. नवऱ्याने हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, पुन्हा हिसका, पुन्हा बंद.

मी समोर काचेतून भिंतीकडे बघत होते, त्याच्याकडे नाही. आणि तो मला दिसला. आधी मला कळलंच नाही काय झालं ते. तिरकी मान नाही, युक्ती नाही, काही नाही. मी सरळ रस्त्याकडे बघत होते, बोळा समोरच्या भिंतीवर होता, आणि त्याच्या बाहेर, बाजूला, माझा नवरा होता. नजर जराशी त्याच्या अंगाला नेली तर आणखी स्पष्ट. कानशिलावर घाम. जबड्याखाली दाढीचे राहून गेलेले पांढरे खुंट, तिथे त्याचा हात पूर्वीपासून पोचत नाही. खालचा ओठ दाताखाली. गाल आत गेले होते. कधी गेले? हा इतका बारीक कधी झाला? घरी टेबलापलीकडून मला नुसते तुकडे मिळत होते, कॉलर, चमचा, एक कान. इथे हा अख्खा होता, आणि घाबरलेला होता. मला त्याची दया आली असती. पण मागे लोक हॉर्न वाजवत होते आणि ह्याने सोडलेल्या दोन गाड्या हातच्या गेल्या होत्या. दया मी बाजूला ठेवली.

“पहिला टाका,” मी म्हणाले. “घाबरायला काय झालं? इंजिन लहान आहे, मेलेलं नाही.” त्याने पहिला टाकला, इंजिनाने आकांत केला, आणि गाडी हलली. हळू, कुरकुरत, बैलासारखी, पण थांबली नाही. टाकीपाशी मोकळी जागा होती तिथे त्याने ती उभी केली आणि किल्ली बंद केली. “चढली,” मी म्हणाले. तो म्हणाला, “टाकी रिकामी आहे म्हणून. पाणी भरल्यावर...” “दोनदा का सोडलीत?” मी विचारलं. तो म्हणाला, पहिल्या वेळी रंग गडद होता, उन्हात तापला असता. दुसऱ्या वेळी असं ऐकलं होतं की सुधारलेलं इंजिन येतंय, थोडं थांबलं तर... “खरं सांगा.” “खरंच सांगतोय, त्यांनी चेनमध्ये...” “चेन गेली खड्ड्यात! माझे डोळे चाललेत! डॉक्टरने सांगितलं तेव्हा तुम्ही तिथे होतात, माझी पर्स घेऊन बसला होतात! पुढच्या वर्षी तुम्ही मला घेऊन जाणार आणि काय दाखवणार? बोला ना. तेव्हा काय वास घेऊ का डोंगरांचा?” मागच्या बाकावरची मुलगी बारीक आवाजात म्हणाली, “मी खाली उतरू का?” आम्ही दोघांनी एकदम “बस” म्हटलं.

इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं. मग तो म्हणाला, समोर टाकीकडे बघत, “तू माझ्याकडे बघत नाहीस.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “डॉक्टरकडून आल्यानंतर थोडे दिवस ठीक होतं,” तो म्हणाला. “मग तू बंदच केलंस. मी बोलायला लागलो की तोंड फिरवतेस. भिंतीकडे बघून जेवतेस. आपली मुलगी आली होती तेव्हा तिच्याही लक्षात आलं, ती म्हणाली बाबा, तुमचं काही झालंय का. मी तुला विचारतो रागावलीस का, तू नाही म्हणतेस, आणि पुन्हा खिडकीकडे बघतेस. मला वाटलं, डोळे अधू झाल्यावर माणसाला उरलेली नजर कशावर खर्च करायची ते ठरवावं लागत असेल, आणि मी त्यात बसत नसेन. घरात खोल्या तरी आहेत. तू एका खोलीत, मी एका. ह्या डब्यात रात्रंदिवस तू तोंड फिरवून बसलेली, आणि मी... मला ते झेपणार नाही वाटलं. दर शनिवारी मी इथे यायचो, उभ्या असलेल्या गाडीत बसायचो. मागचा पलंग बघायचो. आणि रंगाला नाहीतर इंजिनाला नाव ठेवून सोडून द्यायचो. इंजिनाला नाव ठेवलं की कुणी पुढे विचारत नाही.”

आणि मी, जिने जन्मात ह्या माणसाला तोंडावर अहोखेरीज हाक मारली नाही, ती मी ओरडले, “अरे मूर्खा!” काच हादरली असेल. “अरे, तोंड फिरवते ती तुला बघायला फिरवते! समोर बघितलं की तू नसतोस! नाक नाही, डोळे नाहीत, नुसते दोन कान आणि कॉलर. बाजूला बघितलं की येतोस. त्या तपासनीस बाईने शिकवलंय मला. रोज, प्रत्येक जेवणाला, मी तुला बघायला भिंतीकडे बघतेय आणि तू...” तो म्हणाला, “मग सांगितलं का नाहीस?” “तू विचारलंस का? रागावलीस का, रागावलीस का, एवढंच विचारलंस! खिळ्याला तीन कोटेशनं मागवतोस ना रे तू? पाळण्याला, मशीनला, इंजिनला? मग बायको तोंड फिरवते ह्याला एकच कारण कसं पुरलं तुला? तिथे दुसरं नाही मागवावंसं वाटलं?”

त्याने गाडी उभी असताना स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. रडत होता का? मी टाकीकडे बघत होते, आणि तो कडेला अख्खा दिसत होता, म्हणून मला दिसलं की हो, रडत होता, आवाज न करता, हनुवटी वर करून, शेजाऱ्यांना कळू नये असा. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. पण माझा राग गेला नाही, आणि गेला असं कुणी समजूही नये. खाली गावाची छपरं होती, त्यांच्या पलीकडे रस्ता बारीक होत कुठेतरी जात होता, आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझा बोळा होता, गेल्या महिन्यापेक्षा जरा मोठा. पहिली गाडी आली तेव्हा तो किती लहान असेल? त्या वेळी हा रस्ता मला शेवटपर्यंत दिसला असता. हे मी त्याला सांगितलं. सांगितलं की तुझं कारण मला समजलं, आणि समजलं तरी हे मी माफ करणार नाही, निदान एवढ्यात तरी नाही. तो म्हणाला, “नको करूस.” मागच्या बाकावरच्या मुलीने ओट्यावरच्या नमुन्याच्या कागदी रुमालात नाक शिंकरलं.

उतरताना त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि इंजिनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी समोर बघत होते. तो शेजारी होता. वळणावर आरशात बघायला मान वळवायचा तेव्हा कानामागचा तो जुना व्रण दिसायचा, तिथे कधीतरी कारखान्यात पत्रा लागला होता. हा व्रण मी विसरूनच गेले होते. खाली आल्यावर मुलीने घाईने डोळे पुसले आणि ती परत शोरूमची मुलगी झाली. “मग काय ठरलं सर? मोठ्यासाठी थांबणार?” तो माझ्याकडे वळला. मी म्हणाले, “हीच. आज.” “हीच,” तो म्हणाला, “कागद काढा.” “छान! मी चहा आणते,” मुलगी म्हणाली, “तोवर आतच बसा ना, सीटा फिरवून देते, समोरासमोर बसून सह्या करा.” तिने दांडीला हात घातला तसा तो पुढे झाला.

“नको, फिरवू नका,” तो म्हणाला. “ह्या सीटा अशाच पक्क्या करून मिळतील का? दोन्ही. पुढे तोंड करून.”

“पण सर, फिरत्या सीटा हीच तर ह्या गाडीची...”

“ती आम्हाला नकोय. आम्ही शेजारी बसून जेवू. आणि हे बघा, पक्क्या करताना बोल्ट चांगल्या प्रतीचे लावा, त्यात दोन-तीन प्रकार येतात, त्यातला...”

“अहो!” मी म्हणाले.

मुलगी चहाला गेली, ह्या वेळी त्याच्याही कपात साखर घालू का असं विचारून. आम्ही त्या पांढऱ्या गाडीच्या उघड्या दारापाशी उभे राहिलो. मला घरी जाऊन त्याला आणखी बरंच काही बोलायचं होतं. ते मी मनात लावून ठेवत होते, पहिलं काय, दुसरं काय. तो माझ्या समोर आला, मग थबकला, आणि एक पाऊल बाजूला सरकून उभा राहिला.

“रागावलीस का?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हणाले, आणि त्याला नीट बघता यावं म्हणून तोंड फिरवलं.